गाडी सकाळी स्टार्ट घेत नाही? पाना नंतर, निदान आधी

हिंजवडीवर पोस्ट म्हटली की लोक तीन विषयांची वाट बघतात. ट्रॅफिक, मेट्रो आणि खड्डे. आज यातलं काही नाही. आजचा विषय आहे ट्रकचा सेल्फ. इंजिनचं काम करून आणलेली डिझेल गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी थंडीत स्टार्ट का घेत नाही, आणि तिच्या मालकाला महिनोन्महिने गॅरेजच्या चकरा का माराव्या लागतात, हा.

हसू नका मंडळी. आपल्या भागात आयटी पार्कला जमिनी गेल्या तेव्हा हातात पैसा आला. कुणी बंगला बांधला, कुणी कार घेतली आणि बऱ्याच जणांनी टिपर, पाण्याचा टँकर, जेसीबी घेतला. माण, मारुंजी, नेरे, कासारसाई, घोटावडे, कुठल्याही गावात पहाटे चक्कर मारा. शेत गेलं, पण दारात सहा किंवा दहा चाकं उभी आहेत. घर त्या चाकांवर चालतंय. बँकेचा हप्ता, ड्रायव्हरचा पगार, विमा, पासिंग, पोरांची फी, सगळं त्या एका इंजिनाच्या जिवावर.

आणि या इंजिनाला वेळेचं बंधन आहे. गर्दीच्या तासांत अवजड वाहनांना आयटी पार्कच्या रस्त्यांवर बंदी असते. ती असावीच. जानेवारी २०२५ मध्ये हिंजवडी-माण रस्त्यावर काँक्रीटचा मिक्सर उलटला आणि दुचाकीवरच्या दोन तरुणी गेल्या, ते आपण कुणीच विसरलेलो नाही. पण बंदीचा अर्थ असा की टिपरवाल्याची पहिली खेप पहाटेच व्हायला हवी. पाचला सेल्फ मारला आणि गाडी सहाला सुरू झाली तर एक खेप गेली. सातला सुरू झाली तर मालक एकतर घरी बसतो, नाहीतर बंदी लागायच्या आत पोचायचं म्हणून गाडी पळवतो. ही पळवलेली गाडी तुमच्या-आमच्या शेजारून जाते. म्हणून हा विषय फक्त टिपरवाल्यांचा नाही.

आता एक उदाहरण. माणच्या बाजूचे एक ओळखीचे गाडीमालक आहेत. नाव घेत नाही, गॅरेजचंही घेत नाही. दहा चाकी टिपर, जुन्या पद्धतीच्या पंपाचा. गाडी गरम व्हायला लागली म्हणून दिवाळीनंतर हेड उतरवलं. हेड पॅकिंग बदललं, व्हॉल्व्ह घासून घेतले, गाडी बांधून दिली. गॅरेजच्या दारात एका सेल्फमध्ये सुरू झाली. मालक खूश. घरी आणली, रात्री लावली, सकाळी सेल्फ मारला तर नुसतं घुर्रर्र, घुर्रर्र. दहा मिनिटं खटपट केल्यावर कशीबशी उठली. दिवसभर मात्र एकदम झकास. बंद करा, चालू करा, टिचकीसरशी सुरू. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

मग सुरू झाला आपला नेहमीचा खेळ. "शेठ, बॅटऱ्या उतरल्यात." दोन्ही बॅटऱ्या नव्या. फरक नाही. "सेल्फ ढिला फिरतोय." सेल्फ उघडला, नवं आर्मेचर. फरक नाही. "नोझल गेलेत." सहाच्या सहा नोझल काढून पंपवाल्याकडे. फरक नाही. "आता पंपच उतरवावा लागेल शेठ." एवढ्यात डिसेंबर संपला होता, आणि हेडच्या मूळ कामाला जेवढे पैसे गेले त्याहून जास्त नंतरच्या 'बदलून बघू'मध्ये गेले होते.

शेवटी पंप-नोझलच्या दुकानातल्या एका जुन्या मिस्त्रीने गाडी बघितली. त्याने पहिली दहा मिनिटं पानाच उचलला नाही. मालकाला तीन प्रश्न विचारले. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का? सकाळी हँडपंप मारला तर लवकर उठते का? आणि गाडी रात्री कुठे, कशी उभी असते?

मालक म्हणाला, धूर अजिबात येत नाही. हँडपंप वीस-पंचवीस वेळा मारला की उठते. आणि हो, घराजवळच्या उताराला तोंड खाली करून लावली त्या दिवशी ढकलायची वेळच आली नाही, सेल्फवरच उठली.

मिस्त्री म्हणाला, "दादा, हे तुम्ही आधी कुणाला सांगितलं का नाही?" मालक म्हणाला, "मला कुणी विचारलंच नाही."

माझ्या मते या सगळ्या रोगाचं मूळ त्या एका वाक्यात आहे. पण आधी गाडीचं काय झालं ते सांगतो.

मिस्त्रीने टाकीकडून येणारा पाईप सोडवला, डिझेलचा एक कॅन इंजिनपेक्षा उंचावर बांधला आणि त्यातून सरळ फीड पंपाला डिझेल दिलं. गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी पहिल्या सेल्फला उठली. म्हणजे बॅटरी, सेल्फ, नोझल, पंप, कॉम्प्रेशन सगळं निर्दोष. दोष टाकी आणि फीड पंप यांच्या मधल्या पाईपात. हेड उतरवताना अडथळा होतो म्हणून तो पाईप काढला होता, आणि परत बसवताना बोल्टखालचे तांब्याचे जुनेच, चेपलेले वॉशर वापरले होते. तिथून हवा आत जायची. रात्रभरात पाईपातलं डिझेल उतरून टाकीत परत जायचं. सकाळी पंपाला डिझेलऐवजी हवा मिळायची. बाहेर एक थेंबही सांडलेला दिसत नव्हता, कारण ही ओढणारी बाजू आहे. तिथे डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. आणि उताराला तोंड खाली असलं की टाकी इंजिनाच्या मानाने वर येते, डिझेल मागे उतरत नाही. म्हणून त्या दिवशी गाडी गुणी बाळासारखी उठायची.

वॉशरची किंमत? चहाच्या कटिंगइतकी.

आता थोडं शास्त्र. आयटीतली मंडळीही ही पोस्ट वाचतात, त्यांनाही कळलं पाहिजे.

पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पाडायला प्लग असतो. डिझेलला तो नसतो. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ मध्ये चालून दाखवलं गेलं, तेव्हापासून तत्त्व तेच. हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापेल, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारायचा. साधारण सतरा-अठरा पट दाबली की हवा पाचशे अंशांच्या वर जाते आणि डिझेल पेट घेतं. पण आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास येतो, मुळशीच्या बाजूला कधी त्याच्याही खाली. लोखंड गार, ऑईल घट्ट, बॅटरी सुस्त. हवा दाबून तयार झालेली उष्णता गार भिंती पिऊन टाकतात. त्यातून इंजिन हळू फिरलं तर दाबलेली हवा रिंगांच्या फटीतून निसटायलाही वेळ मिळतो. म्हणून जो किरकोळ दोष दुपारी लपून राहतो तो पहाटे उघडा पडतो.

थंड डिझेल इंजिन उठायला चार गोष्टी लागतात. पुरेसा वेग, पुरेसा दाब, वेळेवर आणि पुरेसं डिझेल, आणि उष्णता. यातली कुठली कमी आहे ते शोधणं म्हणजे निदान. त्याचा क्रम असा.

पहिली गोष्ट, शेवटचा पाना कुठे लागला ते विचारा. कामाच्या आधी गाडी सकाळी नीट उठत होती आणि कामानंतर उठेना, तर सगळ्यात आधी त्या कामावरच संशय घ्यायचा. हेड उतरवलं होतं? मग पाईपांचे वॉशर, हेड पॅकिंगची जाडी, टॅपेटचं अंतर बघा. टॅपेट जास्त घट्ट बसवले तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि दाब निसटतो. पंप उतरवला होता? टायमिंग बघा. नोझल काढले होते? त्यांच्या खालचा जुना वॉशर आत चिकटून राहिला आणि वर नवा बसवला, असं सर्रास होतं. डिझेल फिल्टर बदलला होता? त्याचं रबर बघा. गिअरबॉक्स किंवा क्लचचं काम होतं? मग इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी परत लावली का, नीट घासून लावली का, ते बघा.

दुसरी गोष्ट, धूर बघा. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय पण पेटत नाही. म्हणजे दाब, उष्णता, टायमिंग किंवा फिरण्याचा वेग कमी. धूर अजिबातच नसेल तर डिझेल पोचतच नाही. म्हणजे हवा, फिल्टर, पाईप, किंवा डिझेल बंद करणारी सोलेनॉइड. बघायला एक पैसा लागत नाही, आणि निम्मं इंजिन संशयाच्या यादीतून बाहेर पडतं.

तिसरी गोष्ट, मीटर लावा. चोवीस व्होल्टच्या गाडीत सेल्फ फिरताना बॅटरीवर एकोणीसच्या आसपास व्होल्ट टिकायला हवेत. तिथे टिकले पण सेल्फच्या टोकाला खूप कमी पोचले, तर चोर बॅटरीत नाही, केबलमध्ये नाहीतर अर्थिंगमध्ये आहे. नवीन बॅटरी घेण्याआधी केबलची टोकं घासा. साधं मल्टिमीटर काहीशे रुपयांना मिळतं, बॅटरीची जोडी किती हजारांना पडते ते तुम्हाला माहीत आहे.

चौथी गोष्ट, डिझेलच्या वाटेत पारदर्शक नळीचा तुकडा लावा. बुडबुडे दिसले की हवा. किंवा वर सांगितला तो कॅनचा प्रयोग करा.

पाचवी गोष्ट, एवढ्यावर सापडलं नाही तरच कॉम्प्रेशन मोजा. सगळ्या सिलिंडरचं मोजा, आणि आकड्यांपेक्षा त्यांच्यातला फरक बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर दोष तिथे. दोन शेजारचे सिलिंडर एकत्र खाली असतील तर त्यांच्यामधल्या हेड पॅकिंगकडे बघा. नव्या रिंगा टाकल्या असतील तर त्या बसेपर्यंत सुरुवातीचे दिवस थोडा दाब कमी मिळू शकतो, हेही लक्षात ठेवा. नाहीतर चांगलं बांधलेलं इंजिन परत उघडलं जातं.

हे सगळं मी जुन्या मिस्त्र्यांकडून ऐकलंय, ताडून बघितलंय. यात गुपित काही नाही. क्रम पाळला तर दोन सकाळी पुरतात. नाही पाळला तर दोन महिने पुरत नाहीत.

मग क्रम का पाळला जात नाही? इथे मी मिस्त्र्यांना झोडपायला बसलेलो नाही. दोष आपल्या सगळ्यांच्या व्यवहारात आहे.

आपण निदानाचे पैसे देत नाही. मिस्त्री दोन तास गाडी बघून म्हणाला, "वॉशर खराब होता, पाचशे रुपये द्या," तर आपण म्हणतो, "एवढुशा वॉशरचे पाचशे?" तोच मिस्त्री सहा नोझल खोलून हजारोंचं बिल करतो तेव्हा आपण खिशात हात घालतो, कारण काहीतरी 'टाकलेलं' दिसतं. डॉक्टरने नुसतं तपासलं तर फी देतो, पण गाडी नुसती तपासली तर "बघायचे कसले पैसे?" ज्याला फक्त पार्ट बदलण्याचेच पैसे मिळतात तो पार्टच बदलणार. त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर आपणही तेच केलं असतं.

दुसरं, आपण गाडी गरम असताना ताब्यात घेतो. मला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. काम संपल्यावर मिस्त्री इंजिन तासभर चालवतो, चक्कर मारतो, आणि मग मालकाला बोलावतो. तेव्हा इंजिन गरम असतं. थंडीतला दोष त्या वेळी दिसूच शकत नाही. तो दिसतो मालकाच्या दारात, दुसऱ्या दिवशी पहाटे, पैसे दिल्यानंतर. मग मिस्त्री म्हणतो, "माझ्याकडे तर बरोबर सुरू झाली होती." तो खोटं बोलत नसतो. आणि मालकही खोटं बोलत नसतो.

तिसरं, मिस्त्री शिकतो कुठे? बहुतेकांना बारा-चौदाव्या वर्षी कुणीतरी गॅरेजात सोडलेलं असतं. उस्ताद शिव्या देत देत जे शिकवेल ते. आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेलचा अभ्यासक्रम आहे, पण आपल्या किती गावांतल्या पोरांना आपण तिकडे पाठवतो? पोरगं संगणकाकडे गेलं तर अभिमान, पान्याकडे गेलं तर 'शिकलं नाही'. असं म्हणून आपणच या कामाची किंमत केली आणि आता ते काम चांगलं होत नाही म्हणून ओरडतोय.

गंमत बघा, हे सगळं पुणे जिल्ह्यात घडतंय. खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स १९४६ पासून. पिंपरीला टाटांचा ट्रकचा कारखाना. आकुर्डीला पूर्वीची बजाज टेम्पो, आताची फोर्स मोटर्स. वेताळ टेकडीवर एआरएआय, जिथे देशभरातल्या गाड्या तपासल्या जातात. भोसरीला रस्ते वाहतुकीची केंद्रीय संस्था, सीआयआरटी. आणि खुद्द आपल्या दारात, याच आयटी पार्कमध्ये, केपीआयटी आणि टाटा टेक्नॉलॉजीज. जगभरातल्या वाहन कंपन्यांसाठी अभियांत्रिकी आणि सॉफ्टवेअरचं काम इथे काचेच्या इमारतींत होतं. आणि त्या इमारतीच्या गेटसमोर टिपर बंद पडला तर ड्रायव्हर बोनेटवर चढून हवेचा पाईप सोडतो आणि त्याच्या तोंडाशी पेटता बोळा धरतो.

हो, बोळा. थंडीत गाडी उठवायचे आपले देशी उपाय एकदा नीट बघू. पेटता बोळा हवेच्या पाईपाशी धरणं, म्हणजे डिझेल, ग्रीस आणि वायरिंगच्या जंगलात आग खेळवणं. ईथरचा स्प्रे मारणं, तो सिलिंडरमध्ये वेळेआधीच पेटतो, पिस्टन-रिंगा फुटू शकतात, आणि ज्या गाडीत हवा तापवायचा हीटर आहे तिथे तर बाहेरच भडका होऊ शकतो. उतारावरून गाडी सोडून गिअर टाकणं, याच्याइतका घातक प्रकार दुसरा नाही. एअर ब्रेकच्या गाडीत रात्रभरात टाकीतली हवा उतरलेली असते. जी थोडी शिल्लक असते ती हँडब्रेक सोडण्यात आणि दोनदा ब्रेक दाबण्यात संपते. इंजिन सुरू झालं नाही तर नवी हवा भरत नाही. मग ती गाडी उतारावर थांबवणार कोण? ज्या रस्त्यावर पोरं शाळेची बस धरायला उभी असतात तिथे हे चालतं.

आणि सगळ्यात 'सभ्य' उपाय, पहाटे तीनला उठून सुरू करायची आणि तशीच फकफकत ठेवायची. मोठं इंजिन उभ्या उभ्या तासाला दोन-तीन लिटर डिझेल पितं.  महिनाभर रोज दोन तास असं केलं तर काय होतं त्याचा हिशोब मालकाने स्वतः करावा. धुराचा हिशोब मात्र शेजारच्या घरातली म्हातारी माणसं आणि लहान पोरं करतात, खोकून. दोष एका वॉशरचा आणि त्रास अख्ख्या आळीला.

आता नव्या गाड्यांबद्दल. वाचक म्हणतील, तुमचा हा हँडपंपवाला जमाना गेला. बरोबर आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. नव्या गाड्यांत कॉमन रेल आहे, संगणक आहे. रेलमधला दाब ठरलेल्या मर्यादेपर्यंत चढला नाही तर संगणक नोझलला फवारा मारूच देत नाही. तुम्ही कितीही सेल्फ मारा. दाब का चढत नाही, हवा आहे की नोझलमधून डिझेल मागे पळतंय की सेन्सर गेलाय, हे स्कॅनर लावल्याशिवाय नीट कळत नाही. नवा नोझल टाकला तर त्याच्यावरचा कोड संगणकात भरावा लागतो. तो भरायचं साधन आपल्या गावातल्या मिस्त्रीकडे नसतं.

का नसतं? इथे विषय सरकारकडे जातो. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजना मिळू दिली जात नाहीत, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं आहेत, मोबाईल आहेत, घरातली उपकरणं आहेत आणि वाहनंही आहेत. विचार चांगला आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. ज्याने गाडी विकत घेतली त्याला तिचा आजार कुठेही, कुणाकडूनही तपासून घेण्याचा हक्क हवा, आणि त्यासाठी लागणारी माहिती व साधनं वाजवी किमतीत खुल्या बाजारात मिळायला हवीत. आमदार-खासदार गावात आले की रस्ता मागतो, समाजमंदिर मागतो. हेही मागा.

तोपर्यंत हातात काय आहे? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. अनेक गाडीमालक समजतात की आपली गाडी धंद्याची, आपल्याला हा कायदा लागू नाही. पूर्ण खरं नाही. व्यापारी हेतूने घेतलेली सेवा कायद्याबाहेर आहे, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या आणि स्वतः वापरलेल्या वस्तूचा वापर 'व्यापारी हेतू' मानला जात नाही. एकच गाडी, स्वतः चालवणारा किंवा त्यावरच घर चालवणारा माणूस ग्राहक म्हणून दाद मागून बघू शकतो. दहा-पंधरा गाड्यांच्या मालकाचं प्रकरण वेगळं होऊ शकतं. तक्रार जिल्हा आयोगाकडे, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. वकील लावलाच पाहिजे असं नाही. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. आधी सल्ला हवा तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५.

पण दाद मागायला कागद लागतो. आणि आपला व्यवहार चालतो तोंडी, नाहीतर सिगारेटच्या पाकिटामागे लिहिलेल्या हिशोबावर. जीएसटी वाचला म्हणून आपण खूश होतो आणि तिथेच आपला हक्क घालवून बसतो.

म्हणून माझं म्हणणं, मुद्द्यांत सांगतो.

१. गॅरेजला गाडी देताना तक्रार लिहून द्या. कधी उठत नाही, किती तास उभी राहिल्यावर, धूर येतो का, कुठल्या कामानंतर सुरू झालं. मिस्त्रीने विचारलं नाही तरी सांगा.

२. काय उघडलं, काय बदललं याची लेखी यादी घ्या. जुने पार्ट परत मागा. चांगला मिस्त्री याला नाही म्हणत नाही.

३. तपासणीचे पैसे वेगळे द्या आणि आनंदाने द्या. दोष सापडला आणि तो दहा रुपयांचा निघाला तरी द्या. उलट तेव्हा तर जास्तच द्या, त्याने तुमचे हजारो वाचवलेत.

४. इंजिनचं काम झालं की गाडी एक रात्र गॅरेजातच ठेवा. सकाळी थंड इंजिनावर, मालकासमोर सेल्फ मारायचा. उठली तर शेवटचे पैसे. आपल्या भागातल्या गाडीमालकांनी मिळून हा नियमच करून टाकावा. यात गॅरेजवाल्याचंही भलं आहे, रोजची भांडणं वाचतील.

५. आणि ही मागणी आयटी पार्ककडे. कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. झाडं लावा, शाळा रंगवा, चांगलंच आहे. पण माण-हिंजवडीत एक सामाईक तपासणी केंद्र का होऊ नये? कॉम्प्रेशन गेज, नोझलची तपासणी, जड वाहनांचा स्कॅनर, आणि गावातल्या मिस्त्र्यांना संध्याकाळी दोन तास शिकवणारा माणूस. रोजगाराचं कौशल्य शिकवणं या खर्चात बसतं. ज्या पार्कमध्ये गाड्यांचा मेंदू लिहिला जातो, त्या पार्कच्या गावात तो वाचता येणारे चार मिस्त्री तरी असावेत.

काही जण म्हणतील, पत्रकाराने मोठे प्रश्न मांडावेत, वॉशर कसले मांडता? मला विचाराल तर हिंजवडीचे मोठे प्रश्नही याच पद्धतीने बिघडलेत. पाणी तुंबलं की आधी मुरूम टाका. कोंडी झाली की आधी दुभाजक फोडा, मग परत बांधा, मग रस्ता एकेरी करा. पाणी कुठला ओढा बुजवल्यामुळे तुंबलं, कोंडी कुठल्या चौकात सुरू होते, शेवटचं काम कुणी केलं आणि त्यानंतर काय बिघडलं, हे विचारायच्या आत निविदा निघालेली असते. पार्ट बदलत राहायचा, बिल वाढत राहायचं.

गावच्या रस्त्याचं निदान आपल्या एकट्याच्या हातात नाही. दारातल्या गाडीचं आहे. तुमच्या गाडीच्या कामाचं शेवटचं बिल आज काढा आणि बघा, त्यात 'तपासणी' या नावाखाली किती रुपये लावलेत. शून्य असतील तर पुढच्या वेळी मिस्त्रीला पहिलं वाक्य हे सांगा: "आधी बघा, बघण्याचे पैसे देतो."

ही पोस्ट गावातल्या गॅरेजवाल्यांपर्यंत पोचवा. त्यांचं काही वेगळं म्हणणं असेल तर त्यांनी जरूर लिहावं. ऐकायला आवडेल.